नवा मिक्सर आणि घराचा कागद

अकोटला आम्ही राहायचो त्या गल्लीत पहिला कूलर समोरच्या हाजीसाहेबांकडे आला, पहिला मिक्सर शाळेतल्या एका बाईंकडे, आणि दोन्ही वस्तू जळल्यावर आमच्याकडे आल्या. आमच्या स्वतःच्या घरात मात्र एक पंखा, दोन दिवे आणि इस्त्री एवढंच विजेवर चालायचं. अब्बांचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरच्या मोटारी, पंखे, कूलर, पिठाच्या गिरणीची मोटार, जे फिरतं आणि जळतं ते सगळं त्यांच्याकडे यायचं. जळालेली काळी तार कापून काढायची, नवी तांब्याची तार वेढे मोजत भरायची, व्हार्निश पाजायचं, उन्हात वाळवायचं. त्या व्हार्निशचा वास अब्बांच्या अंगाला, त्यांच्या टोपीला, त्यांनी हातात घेतलेल्या भाकरीलासुद्धा यायचा. दिवसभर दुसऱ्यांची यंत्रं उघडून बसणारा हा माणूस घरात यंत्र आणायला मात्र तयार नसायचा. "वायरवाली चीज म्हंजे घरात आनलेला दुखनेकरी," ते म्हणायचे. अम्मी पाट्यावर मिरच्या वाटता वाटता मान वर न करता म्हणायची, "दिव्याखाली अंधार म्हंतात थो हाच." घरात आमची बोली हिंदी आणि वऱ्हाडी अशी मिसळलेली होती. अब्बांना दिवसभर शेतकऱ्यांशी बोलायची सवय आणि अम्मी तिवशाकडच्या खेड्यात वाढलेली, त्यामुळे दोघांचं भांडण नेहमी वऱ्हाडीत व्हायचं. मी आणि रुबी, माझी धाकटी बहीण, मराठी शाळेत शिकलो, म्हणून मला आठवतंही तसंच.

मालकीविषयी अब्बांचं एक ठरलेलं मत होतं आणि ते दुकानासमोरच्या बाकड्यावर बसलेल्या प्रत्येकाला त्यांनी ऐकवलेलं होतं. जे आपल्याला खोलून दुरुस्त करता येत नाही ते आपलं नाही. ते कंपनीचंच असतं, आपण नुसतं सांभाळत असतो. बाकड्यावर मोटारीची वाट पाहत बसलेले शेतकरी यावर तासन्‌तास वाद घालायचे. नव्या पाकिटातलं कपाशीचं बियाणं आपलं की कंपनीचं? टीव्हीतली जाहिरात पाहून फवारणीचं औषध घेणारा शहाणा की वेडा? गॅसवरच्या भाकरीने पोट बिघडतं की नाही? चुलीवरचीच बरी, असं ठासून सांगणारे सगळे पुरुष होते आणि त्यातल्या एकानेही कधी चूल फुंकली नव्हती. अम्मीने एकदा डबा द्यायला आल्यावर अब्बांचं ते मत ऐकलं आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "मंग मी कोनाची म्हनायची? मले तं तुमाले इतक्या वर्सात दुरुस्त करता नाई आलं." बाकडं पोट धरून हसलं. अब्बाही हसले आणि डबा उघडून आंबाडीची भाजी सगळ्यांना वाटली.

आता कापूस बुडत गेला त्या वर्षांबद्दल लिहायचं तर लोक मला कापसाबद्दल विचारतात, आणि मला आठवतात त्या मोटारी. विहिरीचं पाणी खाली गेलं की मोटार कोरडी फिरते आणि जळते. वीज कमी दाबाने आली तरी जळते. म्हणजे गावाचं जितकं वाईट चाललेलं, तितकं अब्बांचं दुकान भरलेलं. त्यांना याची लाज वाटायची. रांगेत दहा-दहा मोटारी पडल्या की ते अम्मीला सांगायचे, आज गोश्त शिजवू नको, दाळच कर, वास गल्लीत जातो. कापसातली सरकी काढणाऱ्या रेच्यांचा आवाज हंगामात दिवसरात्र असायचा आणि कापसाचे तंतू उडून वाळत घातलेल्या कपड्यांवर बसायचे. पण एका वर्षी तो आवाज दिवाळीनंतर लवकरच थांबला. कानाला सवय झालेली गोष्ट बंद झाली की माणूस दचकतो. आम्ही सगळेच तेव्हा दचकून दचकून जगत होतो.

बाकड्यावरचे सगळ्यात जुने रामदासकाका. काळीपिवळीने पंधरा मिनिटांवर त्यांचं गाव आणि शेत, आणि त्यांच्या विहिरीवरची मोटार अब्बांनी इतक्या वेळा भरली होती की त्या मोटारीला अब्बा 'माही पोट्टी', माझी मुलगी, म्हणायचे. काका फारसं बोलायचे नाहीत. दुसऱ्यांचे वाद ऐकायचे आणि शेवटी एकच वाक्य टाकायचे. त्या वर्षी त्यांनी कापूस दोनदा पेरला आणि दोनदा गेला. मग त्यांनी घरी गॅस आणला. मग तलाठ्याकडे खेटे घालून शेत कांताकाकूंच्या, म्हणजे आपल्या बायकोच्या, नावावर केलं. मग एका दुपारी येऊन मोटार विहिरीतून वर ओढायला अब्बांची नेलेली चेनपुली परत केली, चहा पिऊन गेले, आणि त्याच आठवड्यात गेले. कसे गेले ते मी इथे लिहीत नाही. आमच्या भागात ते सांगावं लागत नाही.

आठ दिवसांनी बाकड्यावर लोक बोलायला लागले आणि जे बोलले ते मी डबा घेऊन उभी असताना ऐकलं. माणूस जायच्या आधी घरात नवीन चीज आणतो. बायकोला आनंदात ठेवतो. कागद नीट करतो. उसनं आणलेलं परत करतो. पलीकडच्या गावातल्या एकाने जायच्या आधी बायकोला शिलाई मशीन आणली होती, आणखी एकाने पोराला सायकल. प्रत्येकाकडे एक उदाहरण होतं. अशा रीतीने आमच्या बाकड्यावर एक शास्त्रच तयार झालं, आणि मी बारावीत विज्ञान शिकणारी मुलगी, मी ते शास्त्र पुस्तकापेक्षा चांगलं पाठ केलं. गावातल्या बायका तेव्हा नवऱ्याने साडी आणली तरी घाबरायच्या, हे मी स्वतः पाहिलेलं आहे.

त्यानंतर महिनाभरात अब्बांनी मिक्सर आणला. नवा, खोक्यातला, पांढरा, तीन भांड्यांचा. अम्मी आधी हसली, मग रुसली, मग पुन्हा हसली आणि त्याच दिवशी शेंगदाण्याची चटणी केली. अब्बा जेवताना म्हणाले, "पाट्यावरची चव येत नाई, पन तुहे हात दुखत नाईत ना, मंग झालं." रुबी झाकण लावून बटण दाबायला धडपडत होती. घरात सगळे हसत होते आणि मला बाकड्यावरचं शास्त्र आठवत होतं, आणि ते मी कोणाला सांगू शकत नव्हते. सांगितलं तर ते खरं होईल अशी माझी समजूत होती.

मग मी मोजायला लागले. अब्बांनी हाजीसाहेबांची शिडी परत केली, ती आमच्याकडे तीन वर्षं होती. अब्बांनी मला फ्यूज बदलायला शिकवलं आणि म्हणाले, "मी नसलो तं तुले आलं पाह्यजे." सहज म्हणाले असतील. दुकान चालवणारे सगळे बाप असंच बोलतात. पण ते 'नसलो' माझ्या कानात अडकून बसलं. नंतर ते दोनदा अमरावतीला गेले आणि काय काम होतं ते सांगितलं नाही. धुवायला टाकलेल्या सदऱ्याच्या खिशात मला एसटीची तिकिटं मिळाली आणि एका वकिलाच्या हाताने लिहिलेली चिठ्ठी, तिच्यावर आमच्या घराचा नगरपालिकेतला नंबर. मी ती चिठ्ठी परत खिशात ठेवली, मग काढली, मग पुन्हा ठेवली. अम्मीला विचारलं तर ती म्हणाली, "मानसाचे कामं असतात." आज मला वाटतं, तिलाही तीच शंका आली होती आणि ती माझ्यापासून लपवत होती. आम्ही दोघी एकाच चुलीपाशी बसून एकच भीती वेगवेगळी खात होतो.

मी जे केलं त्याची आज लाज वाटते आणि थोडं हसूही येतं. वाइंडिंगवाल्याच्या घरात वाढलेल्या मुलीलाच ते सुचू शकतं. अब्बांची एक सवय मला माहीत होती. उघडलेली मोटार टेबलावर सोडून ते कधी गावाला गेले नव्हते. लग्न असो, मयत असो, हातातलं काम पुरं करायचं, मग उठायचं. म्हणून एका दुपारी घरात कोणी नसताना मी मिक्सरच्या लहान भांड्यात अख्खी हळकुंडं घातली, पाण्याशिवाय, आणि बटण दाबून धरलं. आवाज बदलला तरी सोडलं नाही. जळक्या तारेचा तो ओळखीचा वास आला तेव्हा सोडलं. अम्मीला सांगितलं, चटणी करता करता बंद पडला. अब्बांनी तो काखेत मारून दुकानात नेला. मला वाटलं, आता काही दिवस तरी मिळाले. मी रोज कॉलेजातून दुकानात जाऊन पाहायचे. मिक्सर टेबलावर उघडा पडलेला दिसला की माझ्या जिवात जीव यायचा.

ज्या दिवसाबद्दल लिहायला बसले तो दिवस आता येतो. कॉलेजात दुपारचे तास झाले नाहीत. मी घरी आले तेव्हा दार सताड उघडं होतं. खुंटीवर अब्बांचे कपडे नव्हते. दाढीचा डबा नव्हता. कोपऱ्यातली त्यांची लोखंडी पेटी, जिच्यात त्यांच्या निकाहाची शेरवानी आणि कागद असायचे, ती जागेवर नव्हती, आणि फरशीवर तिच्या आकाराचा स्वच्छ चौकोन उरला होता. ओट्यावर मिक्सर ठेवलेला होता, दुरुस्त करून, वायर नीट गुंडाळून. मला सगळ्यात जास्त भीती त्या मिक्सरची वाटली. म्हणजे त्यांनी हातातलं काम संपवलं होतं. अम्मी जमिनीवर बसली होती, तिच्या मुठीत घराची किल्ली होती आणि ती रडत होती.

"अब्बा कोठी गेले?" मी विचारलं.

"गेले," अम्मी म्हणाली. "मौलवीसाहेब आले होते. घर माह्या नावानं करून देल्लं, किल्ली हातात देल्ली. म्हने, आता हे घर माहं नाई. आपलं सारं सामान उचललं अन गेले."

ती पुढे आणखी काहीतरी म्हणाली. ते मी ऐकलं नाही, मी रस्त्यावर होते. चप्पल एकच पायात होती, ती मी चौकात टाकून दिली. दुकानाला कुलूप होतं. भर दुपारी, हंगामाच्या दिवसांत, दुकानाला कुलूप मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं. शेजारच्या सायकलवाल्याने सांगितलं, आज उघडलंच नाही. एसटी स्टँडवर गेले. अमरावतीची गाडी लागलेली होती. मी आत चढून एकेका बाकावर पाहिलं, बुरख्यातल्या एका बाईने विचारलं, बेटी, कोणाला शोधतेस, तर मी पुढच्या बाकाकडे वळले. कंडक्टरने उतरवलं. आणि स्टँडच्या त्या उन्हात उभी असताना माझ्या मनात रामदासकाकांची विहीर आली. अब्बांची 'पोट्टी' जिथे होती ती विहीर. एकदा ते मनात आलं आणि मग दुसरं काही येईना.

काळीपिवळीत मी कशी बसले, पैसे कोणी दिले, काही आठवत नाही. फाट्यावर उतरून मी काळ्या मातीतून अनवाणी पळाले. विहिरीपाशी पोचले आणि काठाला धरून खाली पाहायची हिंमत होईना. मी डोळे मिटून उभी राहिले. मग उघडले. खाली हातभर पाणी होतं, हिरवट, आणि त्यात फक्त पाइप होता. मी तिथेच मातीत बसले.

कांताकाकू उरलासुरला कापूस वेचत होत्या. कमरेची ओटी भरलेली तशीच घेऊन त्या आल्या. त्यांनी आधी माझे पाय पाहिले, मग तोंड. त्यांनी मला विहिरीपासून ओढून बाभळीखाली नेलं, तांब्यातलं पाणी पाजलं आणि मग विचारलं, "कोनाले पाहून राह्यली होती तू त्या विहिरीत?"

मी सगळं सांगितलं. मिक्सर, शिडी, चिठ्ठी, पेटी, किल्ली. त्यांच्यासमोर बोलताना मध्येच माझ्या लक्षात आलं की मी हे कोणाला सांगते आहे, आणि मी थांबले. पण त्या म्हणाल्या, बोल. सगळं ऐकून त्या बराच वेळ ओटीतल्या कापसातली वाळलेली पानं काढत राहिल्या.

"तुहा बाप आला होता येथी," त्या म्हणाल्या. "आज नाई, वीसेक दिवस झाले. मले ईचारे, वहिनी, शेताचा कागद कसा केला रामदासनं, कोठी कोठी जावं लागलं, कोनाची सही लागली. मी समदं सांगतलं. मले म्हने, माह्या दोनी पोरीच हायेत, मी गेलो तं माहा भाऊ घरात हिस्सा मांगीन."

हे ऐकून मला गेल्या ईदचा दिवस आठवला. बडे अब्बा, म्हणजे अब्बांचे मोठे भाऊ, अमरावतीहून आले होते. सेवया खाता खाता त्यांनी आमच्या पुढच्या खोलीकडे पाहून म्हटलं होतं की भिंत पाडली तर इथे दुकान छान निघेल. तुला मुलगा तर नाही, शेवटी आमच्याच पोरांना बघावं लागेल. ते हसत म्हणाले, म्हणून मी ते थट्टेत घेतलं. अब्बा तेव्हा हसले नव्हते, हे माझ्या लक्षात होतं, पण त्याचा अर्थ लावायची मला गरज वाटली नव्हती. माझं सगळं लक्ष बाकड्यावरच्या शास्त्राकडे होतं.

"काकू," मी म्हणाले, "लोक म्हंतात, कागद केला की मानूस जाते."

कांताकाकूंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी ते बोलायला नको होतं हे मला कळलं. पण त्या रागावल्या नाहीत. "थो कागदानं नाई गेला. थो काहून गेला हे मले पन समजलं नाई, अन जे बाकड्यावर बसते त्याले तं मुळीच समजलं नाई. पन त्याच्या मांगं माहे दीर आले होते ना, वावराले कुंपन घालाले. मी त्याहिले कागद दाखवला. तवा मी येथी उभी हाओ, माह्या वावरात. त्यानं माह्यासाठी केलेलं चांगलं थेच एक हाय, अन लोकाहिनं त्याचंच भूत केलं." मग त्या उठल्या. "घरी जाय. तुही माय एकटी हाय. अन हे घाल पायात." त्यांनी स्वतःच्या पायातली चप्पल काढून दिली. ती मला मोठी होती.

परत येताना मला धीर आला होता असं लिहिलं तर ते खोटं होईल. काकूंचं म्हणणं पटलं होतं, पण पायांना ते पटत नव्हतं. कागद का केला ते कळलं तरी पेटी घेऊन गेलेला माणूस कुठे आहे ते कळलं नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी आले तेव्हा असरची, दिवस कलतानाची, नमाज होऊन गेली होती आणि ऊन भिंतींवर चढलं होतं. हाजीसाहेबांच्या ओट्यावर, आमच्या दाराच्या अगदी समोर, अब्बा बसले होते. शेजारी लोखंडी पेटी, वळकटी, अवजारांची पिशवी आणि दाढीचा डबा. एसटी चुकलेल्या माणसासारखे बसले होते.

हाजीसाहेबांनी मला जे सांगितलं ते मी आता माझ्या शब्दांत सांगते. आमच्यात जिवंतपणी आपली चीज दुसऱ्याला देऊन टाकण्याला हिबा म्हणतात. देणाऱ्याने दिलं म्हणायचं, घेणाऱ्याने घेतलं म्हणायचं, आणि चीज खरोखर ताब्यात द्यायची. वकील म्हणाला होता की नवरा-बायको एकाच घरात राहतात, तेव्हा घर सोडून जायची गरज नाही, कागद पुरे. पण लोड देऊन तपासल्याशिवाय मोटार गिऱ्हाइकाच्या हातात न देणारा हा माणूस, त्याला ते पुरे वाटलं नाही. उद्या भाऊ म्हणेल, हा तर मरेपर्यंत तिथेच राहत होता, दिलं कधी? म्हणून साक्षीदारांसमोर त्यांनी आपली सुईसुद्धा घरातून बाहेर काढली. सामान हाजीसाहेबांच्या घरात ठेवून जोहरच्या, म्हणजे दुपारच्या, नमाजेला मशिदीत गेले, तेवढ्यात मी घरी येऊन गेले, आणि परतल्यावर ते सामान घेऊन समोर येऊन बसले. आता मालकीण बोलावेल तेव्हाच आत जायचं, तेही सगळ्यांनी पाहिलं पाहिजे. आणि अम्मी, जिने वीस वर्षांत नवऱ्याला चारचौघांत हाकही मारली नव्हती, तिच्या तोंडून ते बोलावणं निघेना. ती आत रडत होती, हे बाहेर बसले होते, आणि दोघांपैकी कोणीच हलत नव्हतं. हे सगळं आधी आम्हाला का सांगितलं नाही, असं मी नंतर विचारलं, तर म्हणाले, मरणाची भाषा पोरींसमोर कशाला. अनेक वर्षांनी अब्बा त्यांच्या वयाने, त्यांच्या खाटेवर गेले. बडे अब्बांची मुलं हिस्सा मागायला आली, तेव्हा म्हातारे हाजीसाहेब काठी टेकत आले आणि म्हणाले, मी पाहिलं आहे, हा दुपारभर माझ्या ओट्यावर उपाशी बसला होता. विषय तिथेच मिटला.

पण त्या दुपारी मला यातलं काही नको होतं. मी अब्बांसमोर उभी राहिले, आणि जिवंत माणसाचा इतका राग येऊ शकतो हे मला तेव्हा कळलं. मग मी त्यांच्या गुडघ्यांना धरून रडले. ते घाबरले. "काय झालं? चप्पल कोनाची घातली? कोनी काही म्हनलं काय?"

"मले वाटलं तुमी मेले," मी म्हणाले.

"काहून?"

"मिक्सर आनला. शिडी वापस केली. कागद केले. रामदासकाकानं असंच केलं होतं."

अब्बांचा हात माझ्या डोक्यावर होता, तो तिथेच थांबला. हाजीसाहेबांनी तोंड फिरवलं. अब्बा म्हणाले, "मिक्सर तू जाळला होता?"

"हो."

"तरीच. आतून हळकुंडाचे तुकडे निंघाले. मी म्हनलं, वाइंडिंगवाल्याच्या घरात कोन इतकं बेअक्कल हाय."

"मले वाटलं, बिघडलेलं सोडून तुमी जानार नाई."

त्यांनी टोपी काढली, डोळ्यांवर धरली आणि तशीच धरून ठेवली. मी त्यांना रडताना त्याआधी पाहिलं नव्हतं. रुबी शाळेतून येऊन गल्लीत उभी होती, दप्तर पाठीवर, तिला काही कळत नव्हतं आणि तीही रडायला लागली. तेव्हा आमच्या दाराचा पडदा बाजूला झाला. अम्मी बाहेर आली. आमचं सगळं बोलणं तिने पडद्याआडून ऐकलं होतं हे तिच्या तोंडावर दिसत होतं. गल्लीत चार-पाच माणसं थांबली होती. तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला, पण आवाज खाली केला नाही.

"हे घर आता माहं हाय ना?"

"हो," अब्बा म्हणाले.

"मंग माही एक अट हाय."

"हिब्याले अट लागत नाई. मौलवीसाहेबानं सांगतलं ना तुले."

"देनाऱ्याले लागत नसन. मी देऊन नाई राह्यली, मी घरात घेऊन राह्यली." ती एक पायरी उतरली. "माह्या घरात राह्यनाऱ्यानं मले सांगतल्याशिवाय कोठी जायाचं नाई. अमरावतीले नाई, अन वरतं पन नाई."

"वरतं जानं मानसाच्या हातात असते काय?"

"रामदासभाऊनं घेतलं होतं ना हातात. तुमी घ्याचं नाई. किती बी वाईट दिवस आले तरी घ्याचं नाई. कबूल करा, मंग या."

अब्बांनी हाजीसाहेबांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. टोपी घातली. "कबूल," ते म्हणाले. मग पेटी उचलून त्यांनी गल्ली ओलांडली, दाराशी आले, चपला पाहुण्यासारख्या बाहेर काढल्या आणि उंबऱ्याशी थांबून अम्मीला विचारलं, "पेटी कोठी ठेवू?" तिने सगळ्या गल्लीसमोर त्यांचा हात धरला आणि त्यांना आत घेतलं.